पॉलिटिकल कॉमेडी काढताय? मग या चुका टाळा

मध्यंतरी एका मित्राच्या पिक्चरचा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, बघायला आम्ही सातआठ जण कोथरूडला त्याच्या घरी जमलो होतो. विषय नगरसेवक, प्रकार कॉमेडी, आणि दीड तासात हशा पिकला फक्त एकदा. साहेबांचं भाषण चालू असताना मागून युनिटचाच एक पोरगा प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत उचलून फ्रेममधून निघून गेला, तेव्हा. आणि मित्र म्हणतो, हा शॉट उडवायचाय, चुकून राहिलाय!

पडलेल्या कॉमेडीचं खापर सगळे बजेटवर फोडतात, मला ते पटत नाही. ‘जाने भी दो यारो’ 1983 चा, एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाच्या, तुटपुंज्या पैशात झालेला, दिग्दर्शक कुंदन शाह आपल्याच पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचा, आणि त्यात बिल्डर, महापालिकेचा कमिशनर, पडलेला पूल सगळं आहे. पैसे नसले की हसू येत नाही असं काही नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुढारी पहिल्याच सीनपासून जोकर. गॉगल, चार अंगठ्या, आडनाव खाबुगिरे वगैरे. अरे, त्याला स्वतःलाच माहितीये आपण विनोदी आहोत, मग आम्ही कशाला हसू? तमाशातल्या वगात बघा, सोंगाड्या वाट्टेल ते विचारतो पण राजा राजाच्या तोऱ्यात उत्तर देतो, म्हणून तर गंमत येते. तुमच्या साहेबाला काहीतरी मनापासून हवं असू द्या, आणि ते जितकं बारीक तितकं बरं. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली आणि पुढे काही वर्षं निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे एकच माणूस एकाच वेळी माजी नगरसेवकही आणि भावीही, दरवर्षी वाढदिवसाचा नवा फ्लेक्स, फोटोतले केस तेवढे दरवर्षी जास्त काळे. यात एक शब्द लिहायचा नाहीये, फ्लेक्सचा खर्च फक्त.

त्या रफ कटमध्ये चेंबरच्या झाकणाच्या उद्घाटनाचा सीन होता. नारळ फुटत नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, फोटोग्राफर म्हणतो साहेब परत एकदा, आणि एक कार्यकर्ता खाली मान घालून पिशवीतला दुसरा नारळ पुढे करतो, म्हणजे त्याने तो आधीच आणून ठेवलेला. मस्त सीन! पण एडिटमध्ये सात कट, वर प्रत्येक आपटीला टॉइंग आवाज. कॅमेरा एका जागी ठेवून तो वेळ जाऊ द्यायचा असतो हो, फुटत नाही फुटत नाही हे आम्हाला बसून बघायचंय. तो आवाज म्हणजे प्रेक्षकाला कोपराने ढोसणं.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत तेही सांगतो. साउंड. पंचच्या, म्हणजे जोकच्या हसवणाऱ्या ओळीच्या, शेवटच्या शब्दावर रिक्षा गेली की पंच मेला, आणि नंतर डबिंगला नट तो शब्द अर्धा सेकंद उशिरा टाकतो, मग दुसऱ्यांदा मेला. तसंच ऐकणाऱ्याचा क्लोजअप. संध्याकाळी उजेड जातोय म्हणून पहिला तोच उडवतात, आणि हसू तर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या तोंडावर येतं, त्याच्या मागे मुकाट उभ्या असलेल्या पीएच्या तोंडावर तर जास्तच.

सभेला गर्दी नाही म्हणून बारा जणांना टाइट फ्रेममध्ये कोंबू नका, कळतं ते. मोकळ्या खुर्च्याच दाखवा.

ताज्या बातमीवरचे जोक काढून टाका. शूट, एडिट, सेन्सॉर होऊन पिक्चर लागेपर्यंत तो माणूस दुसऱ्या पक्षात गेलेला असतो. आणि ‘सगळेच चोर’ हा डायलॉग पण नको, तो आम्ही टपरीवर फुकटात मारतो. पक्षाचं नाव घ्यायची भीती वाटते हे समजू शकतो, पण म्हणून गावाला नाव नाही, वॉर्ड नाही, प्रश्नच नाही असं धुकं कशाला? पक्ष खोटा चालेल, चेंबर खरा पाहिजे.

मित्राने शेवटी नारळाच्या सीनमधले टॉइंग आणि कट काढले, सीन तीनचार मिनिटांनी लांबला. खुर्चीवाल्या पोराला परत बोलवून अजून दोन शॉट घेतले, पण आता तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो, त्यामुळे वापरलाय तो पहिलाच.