दुर्बिणीच्या नोंदींतून पल्सार कसा शोधावा

पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या दिशेने रेडिओ लहरींचा झोत टाकणारा न्यूट्रॉन तारा (स्फोट झालेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा), शोधण्याचा सराव अनोळखी आकाशापासून सुरू करू नये. आधी ज्याची उत्तरे ठाऊक आहेत असा ठळक पल्सार घ्यावा. बी ०३२९+५४ यासाठी उत्तम आहे, कारण तो उत्तर आकाशातील सर्वांत तेजस्वी पल्सारांपैकी एक असून त्याचा आवर्तकाल, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, सुमारे ०.७१४५ सेकंद आहे.

दुर्बिणीची नोंद हा एक मोठा तक्ता असतो: एका बाजूस काळ, दुसऱ्या बाजूस वारंवारितांचे शेकडो अरुंद पट्टे. प्रथम त्यातला मानवनिर्मित गोंगाट काढावा. भारतातील विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने २० मिलिसेकंदांचा, किंवा त्याच्या पटीतला, आवर्तकाल हाती आला तर आनंदी होण्याआधी शंका घ्यावी.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ताऱ्यांमधील पोकळीत विरळ का होईना, इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतात. हा विलंब वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. यालाच अपस्करण म्हणतात. आपल्या पल्सारच्या बाबतीत ५०० मेगाहर्ट्झवर आलेला स्पंद, म्हणजे एका फेरीतल्या झोताचा ठोका, ३०० मेगाहर्ट्झवर सुमारे ०.७९ सेकंदांनी पोहोचतो, म्हणजे तोवर वरच्या पट्ट्यात पुढचा स्पंद येऊनही गेलेला असतो! सर्व पट्टे तसेच एकत्र मिळवले तर स्पंद पुसून जातो. म्हणून प्रत्येक पट्टा त्याच्या विलंबाइतका आधीच्या वेळेकडे सरकवून मगच बेरीज करावी. नवा पल्सार शोधताना अपस्करण किती आहे हे माहीत नसते, त्यामुळे शेकडो, कधी हजारो संभाव्य मूल्ये एकेक करून तपासावी लागतात. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण जो संकेत शून्य अपस्करणावरच सर्वांत ठळक दिसतो तो बहुधा पृथ्वीवरचाच असतो, आणि जो ठरावीक मूल्याला ठळक होऊन दोन्ही बाजूंना मावळतो तो दुरून आलेला असतो.

प्रत्येक मूल्यासाठी फूरिए रूपांतराने, म्हणजे संकेतातील नियमित आवर्तने वेगळी काढणाऱ्या गणिती रीतीने, आवर्तकाल शोधावा आणि नोंदीच्या त्या आवर्तकालाएवढ्या घड्या घालून सर्व स्पंद एकावर एक रचावेत. तासाभरात आपल्या पल्सारचे सुमारे ५,००० स्पंद येतात. ते रचल्यावर संकेत गोंगाटाच्या तुलनेत सुमारे ७० पट उठून दिसतो. 'प्रेस्टो' ही संगणक प्रणाली ही बहुतेक कामे करते. तरी शेवटच्या आकृत्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसलिन बेल या विद्यार्थिनीने पहिला पल्सार शोधला तो रोज सुमारे ३० मीटर कागदी आलेख नजरेखालून घालताना, आणि तोही आलेखावरच्या अगदी छोट्या खुणेवरून. ती खूण घड्याळाच्या वेळेनुसार नव्हे तर ताऱ्यांच्या वेळेनुसार, म्हणजे रोज सुमारे ४ मिनिटे आधी परतते, हे ध्यानात आल्याने तिचा उगम आकाशात असल्याची खात्री पटत गेली. आपणही दुसऱ्या दिवशी पुन्हा निरीक्षण केल्याशिवाय शोध जाहीर करू नये.

खरा अभ्यास इथून पुढे सुरू होतो. स्पंदांच्या आगमनवेळा महिनोन्महिने नोंदवाव्यात आणि त्या सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी जुळवून घ्याव्यात, कारण पृथ्वीच्या भ्रमणामुळे वर्षभरात या वेळांत सुमारे १६ मिनिटांपर्यंत फरक पडू शकतो. नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी अशा नोंदी नियमितपणे घेतल्या जातात. या नोंदींवरून आवर्तकाल किती सावकाश वाढतो ते कळते आणि आवर्तकालाला त्या वाढीच्या दराच्या दुपटीने भागले की वयाचा अंदाज येतो. खेकडा तेजोमेघातील, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांच्या ढगातील, पल्सारसाठी हे उत्तर सुमारे १,२५० वर्षे येते, तर तो घडवणारा स्फोट चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्येच नोंदवला आहे. ही तफावत मोजमापाची चूक नव्हे. तारा जन्मतः आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने फिरत होता, हे सूत्रातले गृहीतक त्याला नीट लागू पडत नाही.