गीतेचा बारावा अध्याय घरी कसा अभ्यासावा

भक्तीचा आणि सदाचरणाचा अभ्यास घरच्या घरी सुरू करावयाचा असेल, तर गीतेचा बारावा अध्याय घ्यावा. त्यात अवघे वीस श्लोक आहेत, ते सर्व अनुष्टुभ छंदात आहेत आणि सावकाश म्हटले तरी पाच-सहा मिनिटांत होतात. प्रारंभ मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, म्हणजे गीता जयंतीला करावा, असे मी सुचवितो. पुढच्या काही आठवड्यांतच संक्रांत आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येते, सोलापुरातील घरे पाहुण्यांनी भरतात, कामे वाढतात, चिडचिड होते आणि वाचलेले कितपत अंगी लागले आहे, हे त्याच दिवसांत कळते.

पठणाची पद्धत साधी ठेवावी. सकाळी कामावर जाण्यापूर्वी घरातील जे उपस्थित असतील त्यांनी एकत्र बसून अध्याय मोठ्याने म्हणावा; आठ अक्षरांचा चरण संपला की किंचित थांबावे, म्हणजे ‘क्लेशोऽधिकतरस्तेषाम्’ यासारखी जोडअक्षरे जिभेला अडत नाहीत. आपल्या शहरात एकाच इमारतीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबे राहतात, त्यामुळे शेजारी सामील होणार असतील तर श्लोक संस्कृतात एकत्र म्हणावा आणि अर्थ ज्याने त्याने आपल्या भाषेत सांगावा. पारायणांची संख्या मोजण्याच्या फंदात मात्र पडू नये. बाराव्या अध्यायाला घाई मानवत नाही.

पहिल्या दिवशी आठ ते अकरा हे चार श्लोक नीट वाचून आपली पायरी ठरवावी. मन आणि बुद्धी माझ्या ठायी स्थिर कर, असे भगवान प्रथम सांगतात. ते जमत नसेल तर अभ्यासाने प्रयत्न कर, अभ्यासही झेपत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, आणि तेही होत नसेल तर कर्माच्या फळाचा त्याग कर, अशी एकेक सवलत ते अर्जुनाला देत जातात. सवलत घेण्यात कमीपणा नाही, कारण ती देणाऱ्यानेच दिली आहे. दिवसभर कारखान्यात किंवा दुकानात राबणाऱ्या माणसाने तिसरी पायरी धरावी, असे मला वाटते. तिचे उदाहरण शोधण्यास लांब जावे लागत नाही. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी सोलापूर परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तसेच लोकांना हाताशी धरून तलावही खोदविला. आज ज्या पाण्यात सिद्धेश्वराचे मंदिर उभे दिसते, ते पाणी हीच त्यांची पूजा होती.

आता मुख्य भाग. तेराव्या श्लोकापासून एकोणिसाव्यापर्यंत भक्ताची तीसहून अधिक लक्षणे येतात. ती एकदम पाठ करण्याऐवजी ‘मला प्रिय’ हे शब्द जिथे जिथे येतात, तिथे थांबावे. तसे केल्यास पाच गट आपोआप पडतात: १३–१४, १५, १६, १७ आणि १८–१९. एका आठवड्याला एक गट घ्यावा. रात्री झोपण्यापूर्वी वहीत एकच ओळ लिहावी: आज हे लक्षण कुठे मोडले. ही वही कोणालाही दाखवू नये, नाहीतर ती इतरांसाठी लिहिली जाऊ लागते.

पहिल्या आठवड्यातील ‘अद्वेष्टा सर्वभूतानां मैत्रः करुण एव च’ (कोणाचाही द्वेष न करणारा, सर्वांशी मैत्रीने वागणारा आणि दयाळू) हा श्लोकार्ध सर्वांत कठीण आहे. ज्ञानदेव त्यावर म्हणतात, ‘जो सर्व भूतांच्या ठायीं । द्वेषांतें नेणेंचि कहीं । आपपरु नाहीं । चैतन्या जैसा’. सर्व भूतांपासून सुरुवात केली तर आचरणात काहीच येत नाही. म्हणून एकच व्यक्ती निवडावी, शक्यतो जिच्याशी बोलणे तुटले आहे अशी, आणि आठवडाभर तिच्याविषयी वाईट बोलणे टाळावे. करुणेसाठी मात्र प्रत्यक्ष काही द्यावे. दुष्काळात उपाशी लोकांना सरकारी धान्याची कोठारे खुली करून देणारे दामाजीपंत आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे, असे परंपरा सांगते.

दुसऱ्या आठवड्यात ‘यस्मान्नोद्विजते लोको लोकान्नोद्विजते च यः’ हा श्लोक येतो: ज्याच्यापासून लोकांना त्रास नाही आणि ज्याला लोकांपासून त्रास नाही. यातील पहिला अर्धा भाग आधी तपासावा, कारण दुसऱ्या अर्ध्याची तक्रार आपण रोज करतोच. आपण कारखान्यात पाऊल टाकताच कामगारांचे बोलणे थांबते का, आपल्या गाडीचा हॉर्न नवी पेठेतील गर्दीत विनाकारण वाजतो का, आपल्या घरच्या पूजेचा लाऊडस्पीकर शेजारच्या आजारी माणसाला झोपू देतो का, हे प्रश्न वहीत उतरावेत. (शेवटच्या प्रश्नावर घरात वाद होण्याची शक्यता आहे, तो होऊ द्यावा.)

सोळाव्या श्लोकात ‘शुचिर्दक्षः’, म्हणजे शुद्ध आणि कामात दक्ष, असे येते आणि तिथे भक्ती थेट कामाच्या जागी पोहोचते. यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि विणकराने माग वेळीच थांबवून तो सांधला नाही, तर चादरीत दोष उतरतो. ती चादर दोष न सांगता पूर्ण भावाने विकणे या श्लोकात बसत नाही. ज्याचे जे काम असेल त्याने त्यातील असा धागा शोधावा.

सतराव्या श्लोकातील हर्ष, द्वेष, शोक आणि आकांक्षा यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. निकाल, बोनस किंवा व्यवहार यांपैकी जे त्या आठवड्यात घडेल, त्यावर पाहावे. शेवटच्या गटात निंदा आणि स्तुती समान मानण्यास सांगितले आहे. त्यातच ‘अनिकेतः’, म्हणजे घर नसलेला, हे लक्षण आहे, ते वाचून घरकर्ज फेडणाऱ्या गृहस्थाने दचकू नये. ज्ञानदेव त्याला ‘हें विश्वचि माझें घर । ऐसी मती जयाची स्थिर’ असे समजावतात. तेव्हा त्या आठवड्यात आपल्या उंबऱ्याबाहेरचा जिना आणि गल्लीतील कचरा आपला समजून उचलावा.

सहाव्या आठवड्यात विसावा श्लोक म्हणून वही पहिल्यापासून चाळावी. ज्या गटाखाली सर्वाधिक ओळी भरल्या असतील, तो गट पुन्हा आठवडाभर घ्यावा. बहुतेकांच्या वहीत तो पंधराव्या श्लोकाचा निघेल, असा माझा अंदाज आहे.