पाऊस ओसरताना ओढ्याकाठच्या शेतीसाठी सल्ला

पावसाचा जोर कमी होऊन ओढ्याचे पाणी निवळू लागले की काठ दुरुस्त करण्याची घाई होते. परंतु फावडे किंवा यंत्र लावण्यापूर्वी शेतकऱ्यांनी आपल्या हद्दीतला आणि शक्य असल्यास हद्दीच्या वरच्या-खालच्या अंगाचा ओढा एकदा पायी चालून पाहावा. झुडपांत अडकलेला काडीकचरा पुराचे पाणी कुठवर चढले होते ते दाखवतो. मोटार आणि स्टार्टरची पेटी त्या रेषेच्या वरच असावी.

वळणावर धार बाहेरच्या काठाला भिडते, म्हणून तो काठ उभा तुटलेला असतो, त्यातून मुळे लोंबतात आणि पायथ्याशी पाणी खोल असते. समोरच्या आतल्या काठावर मात्र वाळू-गोटे साचून सपाट उतार तयार होतो. बाहेरचा काठ तळाशी पोखरला जात असल्याने वरून माती लोटून तो भरणे म्हणजे डिझेल वाया घालवणे होय. पायथ्याला मोठे दगड नीट रुतवून बसवावेत आणि त्यांच्या वर, जमिनीत ओल आहे तोवरच, वाळा, निर्गुडी किंवा बांबू लावावा.

काठ पुष्कळदा पूर भरात असताना नव्हे, तर तो उतरल्यावर कोसळतो, कारण माती पाण्याने जड झालेली असते आणि तिला बाहेरून टेकू देणारे पाणी निघून गेलेले असते. काठाला समांतर, बोटभर रुंदीची भेग दिसली तर तिच्या आसपास ट्रॅक्टर नेऊ नये आणि जनावरेही बांधू नयेत.

वळणे काढून ओढा सरळ करण्याचा मोह टाळावा. ३०० मीटर लांबीत दीड मीटर उतरणारा ओढा सरळ करून २०० मीटरांवर आणला, तर दर १०० मीटरला असलेला ५० सेंटिमीटर उतार ७५ सेंटिमीटर होतो. पाणी वेगाने धावते, तळ खरवडते आणि तुटण्याचे दुखणे खालच्या शेजाऱ्याच्या बांधावर जाते. डोहातला सगळा गाळ उपसून तळ एकसारखा करणेही हिताचे नाही.

पुढील हंगामाचे पीक ठरवण्यापूर्वी प्रवाह मोजावा. सरळ भागात १० मीटर अंतर आखून लाकडाचा तुकडा धारेत सोडावा. तो ४० सेकंदांत पोहोचला, तर वरच्या थराचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर झाला. तळाशी पाणी संथ असल्याने त्याचे साधारण ८० टक्के, म्हणजे २० सेंटिमीटर धरावेत. पात्र ८० सेंटिमीटर रुंद आणि सरासरी १० सेंटिमीटर खोल असल्यास सेकंदाला सुमारे १६ लिटर पाणी वाहते. हीच मोजणी दर पंधरा दिवसांनी त्याच जागी करून वहीत लिहिल्यास ओढा किती झपाट्याने आटतो हे कळते, आणि आजच्या भरल्या धारेवर विसंबून जादा क्षेत्र लावण्याची चूक टळते.

पोत्यांचा बंधारा वळणावर न घालता अरुंद, सरळ आणि घट्ट काठांच्या जागी घालावा. मधला भाग कडेपेक्षा खोलगट ठेवावा, म्हणजे जादा पाणी काठ न फोडता मधूनच सांडेल, आणि परतीच्या पावसाने पुन्हा जोर धरल्यास वरचे दोन थर चटकन काढता येतील अशी रचना ठेवावी.