थंडरबर्डमध्ये माउसशिवाय मेल कसे हाताळावेत

मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे बंदरातला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात मेल सांभाळणं हे माझं रोजचं काम. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टमला दिलेलं विवरण), डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात द्यायचा शिपिंग लाइनचा आदेश), शिपिंग लाइनची स्मरणपत्रं, पार्टीचे म्हणजे ग्राहकाचे 'माल कधी सुटणार' असे मेल. मनगट दुखायला लागलं तेव्हा माउस बाजूला सारला आणि विंडोजवरचं थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर कीबोर्डवर चालवायला शिकले. तेव्हा प्रत्येकाने एकच सल्ला दिला: पन्नास शॉर्टकटची यादी छापून मॉनिटरशेजारी चिकटव. तो सल्ला ऐकू नका. बटणं आठवड्याभरात आपोआप बोटांत बसतात. त्या क्षणी आपण स्क्रीनवर नेमके कुठे आहोत हे कोणतीच यादी सांगत नाही, आणि सगळं नुकसान तिथेच होतं.

१. फोल्डर, मेलची यादी आणि मेलचा मजकूर यांत फिरायला एफ६. उलट फिरायचं तर शिफ्ट + एफ६. एकेक टॅब दाबत बसू नका.

२. आता अवघड भाग. थंडरबर्डमध्ये काही कामं नुसत्या एका अक्षराने होतात, कंट्रोल लागत नाही. ए दाबलं की निवडलेला मेल आर्काइव्हमध्ये जातो. जे दाबलं की तो जंक ठरतो. के दाबलं की त्या मेलची उत्तरं-प्रत्युत्तरांची सगळी साखळी दुर्लक्षित होते. कर्सर लिहायच्या चौकटीत असेल तर ही अक्षरं नुसती अक्षरं असतात. चौकटीबाहेर असेल तर प्रत्येक अक्षर हुकूम असतो.

मला हे ठाऊक नव्हतं. न्हावा शेवा बंदराचे मेल शोधायला मी दिवसातून अनेकदा इंग्रजीत 'जेएनपीटी' हे त्या बंदराचं लघुनाव टाइप करायची. शोधाच्या चौकटीत आहोत अशी समजूत असायची, पण काही वेळा फोकस, म्हणजे दाबलेलं बटण जिथे लागू होतं ती जागा, मेलच्या यादीवरच राहिलेला असायचा. मग जे दाबताच समोरचा मेल जंक. एन आणि पी ने पुढचे-मागचे न वाचलेले मेल उघडले जाऊन 'वाचलेले' झाले. टी ने तर अख्खी साखळी वाचलेली ठरवून पुढच्या साखळीवर उडी. चार अक्षरांत एवढं सगळं, आणि स्क्रीनवर एकही प्रश्न विचारला गेला नाही. जंकचा फिल्टर आपण दिलेल्या शिक्क्यांवरून शिकत जातो. एका शिपिंग लाइनचे मेल माझ्याच हातून इतक्यांदा जंक ठरले की त्यांची डिलिव्हरी ऑर्डर एकदा थेट जंकमध्ये गेली. ती सापडेपर्यंत कंटेनरचे फ्री डेज (बिनशुल्क दिवस) संपले होते आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचा आकार, पार्टीला भरावं लागलं. ते मी अजून विसरलेले नाही.

म्हणून नियम: शोधायचं असेल तर आधी कंट्रोल + के, किंवा त्याच फोल्डरात गाळायचं असेल तर कंट्रोल + शिफ्ट + के. चौकटीत लुकलुकणारी रेघ डोळ्यांनी पाहा, मगच पहिलं अक्षर टाइप करा. यादीत असताना निवडलेली ओळ गडद दिसते, फोकस दुसरीकडे गेला की फिकी पडते. हा फरक ओळखायला डोळा तयार करा. फोन खाली ठेवून परत कीबोर्डकडे वळलात तर आधी एफ६ दाबा आणि खूण कुठे जाते ते बघा.

ही शिस्त मला आमच्याच ऑफिसातल्या एका दृष्टिहीन सहकाऱ्याकडून मिळाली. तो एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतो. काही करण्याआधी इन्सर्ट + टॅब दाबून 'मी कुठे आहे' हे ऐकतो आणि मगच हात चालवतो. त्याच्या हातून मेल हरवलेला मी पाहिला नाही.

एकाक्षरी शॉर्टकटचा हा धोका माझ्या एकटीपुरता नाही. वेब सुलभतेचे डब्ल्यूसीएजी २.१ हे निकष जून २०१८मध्ये आले, त्यांतलं २.१.४ याच विषयावर आहे: एका अक्षराचा शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा, किंवा त्या घटकावर फोकस असतानाच चालावा. बोलून टाइप करणाऱ्यांना हा त्रास सर्वांत जास्त, कारण उच्चारलेल्या एका शब्दाचं प्रत्येक अक्षर हुकूम ठरू शकतं. थंडरबर्डसाठी टीबीकीज-लाइट नावाचा ॲड-ऑन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे, त्यात एकाक्षरी शॉर्टकट बंद करता येतात. नव्या माणसाच्या मशीनवर मी तो पहिल्याच दिवशी टाकते.

चूक झालीच तर ताबडतोब कंट्रोल + झेड. ए दाबला गेला असेल तर मेल आर्काइव्हमधल्या त्या वर्षाच्या फोल्डरात सापडतो. जंक ठरला असेल तर जंक फोल्डरात जाऊन शिफ्ट + जे दाबा. नुसता मेल ओढून इनबॉक्समध्ये आणण्यावर थांबू नका, शिक्काही पुसला गेला पाहिजे. फिल्टर फारच बिघडला असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली जंकचं शिक्षण पुसून टाकायचं बटण आहे.

आपल्याकडे आणखी एक भानगड. मराठीत उत्तर लिहून झालं की कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवरच राहतो, आणि तिथे ए चं बटण म्हणजे ओकाराची मात्रा. यादीकडे परतताना विंडोज + स्पेसबारने इंग्रजीवर या.

३. वाचणं: एन पुढचा न वाचलेला, एफ पुढचा, बी मागचा. स्पेसबारने मजकूर खाली सरकतो.

४. उत्तर: कंट्रोल + आर. सगळ्यांना द्यायचं तर कंट्रोल + शिफ्ट + आर. पाठवायला कंट्रोल + एंटर. पहिल्यांदा पाठवताना 'नक्की पाठवू का' असं विचारणारी खिडकी येते. 'पुन्हा विचारू नका' या चौकटीत खूण करू नका, मोह होतो तरी. अर्धवट कोटेशन पार्टीकडे जाण्यापेक्षा एक जादा एंटर परवडतो.

५. फोल्डरात हलवणं: शिफ्ट + एफ१० ने मेनू उघडा आणि त्यातून फोल्डर निवडा. पुढचे मेल त्याच फोल्डरात टाकायला कंट्रोल + शिफ्ट + एम.

आउटलुकवरून येणाऱ्यांची एफ६ ची सवय इथेही चालते. उलट इथून जुन्या आउटलुकवर गेलात तर शोधायला कंट्रोल + एफ दाबू नका. तिथे त्याने मेल फॉरवर्ड होतो, शोधायला कंट्रोल + ई आहे.