बर्फ पांढरा, कडा उभा: क्लबच्या हॉलमध्ये गिर्यारोहणपट दाखवताना

लॅपटॉपवर अंगावर काटा आणणारा गिर्यारोहणपट क्लबच्या हॉलमध्ये लावला की बऱ्याचदा त्याची रया जाते. खापर फुटतं प्रोजेक्टरवर. खरं तर भाड्याने आलेला प्रोजेक्टर आदल्या दिवशी कुठल्यातरी ऑफिसात तक्ते दाखवत असतो आणि त्याच सेटिंगवर तुमच्याकडे येतो. तक्त्यांना जे चालतं ते बर्फाला चालत नाही.

आधी चित्रपट निवडा. 'फ्री सोलो'ला २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं, त्यामुळे पहिलं नाव तेच पुढे येतं. पण निम्म्या लोकांनी तो आधीच पाहिलेला असतो. नव्या क्लबाने 'मेरू'ने सुरुवात करावी. सनडान्सला २०१५ साली प्रेक्षक पुरस्कार मिळालेला हा चित्रपट दीड तासाचा आहे आणि त्यातला डोंगर आपल्या गढवालमधला आहे. गंगोत्री–तपोवन करून आलेले चार जण तरी प्रेक्षकांत असतातच, मध्यंतरात तेच बोलायला लागतात. एव्हरेस्ट बेस कँपला जाणाऱ्या गटाला मात्र 'शेर्पा' दाखवावा. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार मरण पावले, त्या मोसमाचं चित्रीकरण त्यात आहे. आपलं ओझं कोण वाहतं, हे निघण्याआधी बघितलेलं बरं.

घरचं स्ट्रीमिंगचं सदस्यत्व हॉलमधल्या खेळाला चालत नाही, प्रवेश फुकट असला तरी. निर्मात्याला किंवा वितरकाला किमान महिनाभर आधी ईमेल करा. आसनं किती, खेळ किती, तिकीट आहे का, हे तिन्ही पहिल्याच पत्रात लिहा; शुल्क त्यावरच ठरतं. सार्वजनिक खेळासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचं काय, हेही तेव्हाच विचारून ठेवा. फाइल एमपी४, एच.२६४, १०८० रेषांची मागा आणि दोन पेनड्राइव्हवर ठेवा. ऐनवेळी अॅपवरून लावायचा विचार करू नका: कॉपी-संरक्षणामुळे जुन्या प्रोजेक्टरवर नुसता काळा पडदा येतो आणि आवाज तेवढा ऐकू येतो.

मराठी सबटायटल स्वतः केली असतील तर एसआरटी (सबटायटलची मजकूर) फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन करा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतील. टीव्हीच्या किंवा प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरवर विसंबू नका. त्यांतले बरेच जोडाक्षरं फोडतात आणि 'गिर्यारोहक' शब्दाचे तुकडे होतात. लॅपटॉपवर व्हीएलसी हा प्लेअर वापरा. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, त्याहून जास्त नको. ओळी सगळीकडे सारख्याच पुढेमागे असतील तर 'एच' दाबल्यावर त्या उशिरा येतात, 'जी' दाबल्यावर लवकर. सुरुवातीला जुळतात आणि शेवटी चार मिनिटांचा फरक पडतो, असं असेल तर फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीसाठी केलेली आहे आणि तुमची प्रत २३.९७६ ची आहे, किंवा उलट. तिथे कळ दाबून भागत नाही, सबटायटल एडिटरमध्ये फ्रेम-दर बदलून घ्यावा लागतो. म्हणून तपासताना पहिली पाच मिनिटं बघून उठू नका. शेवटची पाच बघा.

आता कडा. जुना ४:३ चा (रुंदी चार, उंची तीन) प्रोजेक्टर 'फुल'वर असेल तर १६:९ चं चित्र आडवं दाबून बसवतो. माणसं उंच दिसतात, तेवढं कुणी मनावर घेत नाही. पण ६० अंशांचा बर्फाचा उतार पडद्यावर जवळपास ६७ अंशांचा होतो. उलट, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या काळातलं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं तर तोच उतार ५२ वर येतो, आणि कसलेला आरोहक कड्यावर रांगताना दिसला की मागच्या रांगेत हसू फुटतं. उपाय पाच मिनिटांचा आहे. लॅपटॉपवर वर्तुळाचं चित्र लावा आणि पडद्यावर टेप धरून उभा-आडवा व्यास मोजा. सारखा आला पाहिजे. व्हीएलसीत चुकून 'ए' दाबलं गेलं तरी प्रमाण बदलतं, म्हणून खेळ सुरू झाल्यावर कळफलकावर हात नको.

प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर समोर, सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोन या सेटिंगने चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात बारकावा जातो आणि दोराची रेघ दातेरी दिसते. अंतराचा हिशेब सोपा आहे: भिंगाचं गुणोत्तर (अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर १० फूट रुंद पडद्याला १५ फूट. या पडद्याला पूर्ण अंधारात ३००० ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर भरपूर झाला. खिडक्यांतून उजेड येत असेल तर ५००० चा आणा, किंवा काळे पडदे लावा. दुसरं स्वस्त पडतं.

सगळ्यात जास्त वेळ बर्फाला द्या. बर्फाची चौकट म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक दोषाची झडती. चादरीची चुणी, भिंतीचा पिवळेपणा, फिल्टरमधल्या धुळीने मंदावलेला दिवा, सगळं तिथे उघडं पडतं. 'डायनॅमिक' मोड बंद करून 'सिनेमा' घ्या. डायनॅमिकमध्ये पांढऱ्यावर हिरवट झाक येते. मग भर उन्हातला हिमनदीचा प्रसंग थांबवून ठेवा आणि बर्फातले पावलांचे ठसे दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट कमी करत जा. ठसे तरीही येत नसतील तर एचडीएमआय केबलमधून जाणारी काळ्या-पांढऱ्याची रेंज जुळत नाहीये: लॅपटॉप 'फुल' पाठवतोय आणि प्रोजेक्टर 'लिमिटेड' समजतोय. दोन्हीकडे एकच ठेवा. त्यानंतर रात्रीचा, हेडलँपच्या उजेडातला प्रसंग लावा. उजेडाबाहेरचा खडक जेमतेम जाणवला की झालं. तो अगदी स्पष्ट दिसतोय तर ब्राइटनेस जास्त आहे.

कॅमेरा कड्यावरून आडवा फिरताना चित्र गचके खात असेल, तर लॅपटॉपचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो दर) ६० वरून २४ वर आणा, प्रोजेक्टर घेत असेल तर. केबल दहा मीटरच्या पुढची हवी असल्यास साधी नको, ऑप्टिकल घ्या.

आवाजाचं दुखणं वेगळं. यातलं निम्मं बोलणं वाऱ्यात, वॉकीटॉकीवर नाहीतर धापा टाकत झालेलं असतं. लग्नाच्या हॉलचे मोठे स्पीकर लावले की फक्त घुमतं. साऊंडवाल्याला बेस कमी करायला सांगा. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर हवेत. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला आवाज भरल्या हॉलमध्ये कमी पडतो, तेवढा वाढवायला वाव राखून ठेवा.

वीज जाणार हे धरूनच चाला. प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट खातो. १ केव्हीएच्या यूपीएसवर जनरेटर सुरू होईपर्यंत तग धरतो. यूपीएस नसेल तर दिवा असलेला प्रोजेक्टर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि ती दोन-तीन मिनिटं नेमकी शिखरमाथ्याच्या तोंडावर येतात. लॅपटॉपची झोप, अपडेट आणि व्हॉट्सअॅप आधी बंद करा.

शेवटच्या चौकटीवर दिवे लावायची घाई नको. शेर्पांची, हमालांची, दोर लावणाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत तळाशी येतात. स्विचजवळच्या माणसाला सांगून ठेवा: पडदा पूर्ण काळा झाल्यावर, आणि आधी मागचे दिवे.