पिकअपच्या चाकाचा तुटलेला स्टड कसा बदलावा

चाक सोडवताना जड जाणारा पाना एकदम हलका होतो आणि नटाबरोबर स्टडचा, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या खिळ्याचा, तुकडाच गळून पडतो. पिकअप चालवणाऱ्यांना हे नवीन नाही. "सहातला एकच तर गेलाय, पाच आहेत की" असं म्हणत पुष्कळदा गाडी तशीच मालाला लावली जाते. तसं करू नये. का करू नये ते आधी सांगतो, कारण ते कळलं की स्टड बसवताना कुठे घाई करायची नाही हेही कळतं.

चाक स्टडवर टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या फिरत्या भागावर, दाबून बसते. गाडीचा भार आणि ब्रेकचा जोर पेलतं ते रिम आणि हब यांच्यातलं घर्षण. एक स्टड गेला की त्या बाजूचा दाब कमी होतो, रिम प्रत्येक फेऱ्याला केसभर हलते आणि शेजारचे दोन स्टड वाकत-सरळ होत राहतात. धातू असा थकत जातो आणि एक दिवस तुटतो. म्हणून दुसरा स्टड तुटतो तो बहुधा पहिल्याच्या शेजारचा.

तुटलेला तुकडा फेकण्याआधी त्याचं तोंड उजेडात धरून बघा. एका बाजूला गुळगुळीत, गंजाने काळपट झालेला भाग, त्यावर लाटांसारख्या बारीक कमानी आणि उरलेला भाग चमकदार व खरबरीत असेल, तर तडा बराच काळ वाढत होता असं समजा. म्हणजे नट ढिले राहिले होते किंवा रिम नीट बसलेली नव्हती, आणि शेजारचे स्टडही तेच सोसत होते. उलट, तोंड सगळं ताजं आणि पिळवटलेलं असेल तर नट जरुरीपेक्षा जास्त आवळला गेलाय, आणि एअर गनने (हवेच्या दाबावर नट आवळणाऱ्या यंत्राने) कसलेल्या चाकात हे फार होतं. एक तुटला असेल तर तो आणि दोन्ही बाजूंचे मिळून तीन बदला. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या चाकाचे सगळेच. चाक एरवीही उघडलेलंच आहे, तेव्हा इथे काटकसर करू नका.

नवा स्टड घेताना

आटे जुळले म्हणजे स्टड जुळला असं नसतं. स्टडच्या डोक्याखाली उभ्या दात्यांचा एक पट्टा असतो. तो हबच्या भोकात रुतून बसतो आणि स्टडला फिरू देत नाही. त्या पट्ट्याचा व्यास, त्याची लांबी, आट्यांचा व्यास, आट्यांमधलं अंतर आणि एकूण लांबी, अशी पाचही मापं जुळायला हवीत. पट्ट्याचा व्यास थोडा कमी असला तरी स्टड आत जातो, पण पकड धरत नाही. जास्त असला तर हबला तडा जाऊ शकतो.

छोट्या पिकअपना १२ मिलिमीटर आणि जड गाड्यांना १४ मिलिमीटर व्यासाचे स्टड सर्रास असतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. फोर्डच्या एफ-१५० ला २०१४ पर्यंतच्या पिढीत १४ मिलिमीटरच्या स्टडवर २ मिलिमीटर अंतराचे आटे होते, २०१५ पासून ते दीड मिलिमीटरचे झाले. कंपनी तीच, गाडी तीच, व्यासही तोच, पण एकाचा नट दुसऱ्याला चालत नाही. म्हणून गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून सुटा भाग मागवा, आणि जुना स्टड निघाल्यावर नव्याशेजारी ठेवून ताडून बघा. बदललेल्या प्रत्येक स्टडला नवा नट लावा.

काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. अशा स्टडच्या टोकावर बहुधा 'एल' हे इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं. ते न पाहता नेहमीच्या दिशेने जोर लावला, की चांगला स्टडही तुटतो.

गाडी उचलणे आणि ब्रेक उघडणे

जागा सपाट आणि टणक हवी. जे चाक उघडायचं नाही त्या टोकाच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. मागचं चाक असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर ड्रम निघतच नाही. तेव्हा गाडी धरून ठेवायला फक्त पुढचे ठोकळे उरतात, म्हणून ठोकळे दमदार हवेत. मागचा माल उतरवून घ्या. चाक जमिनीवर असतानाच उरलेले नट अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक लावा आणि चासीखाली स्टँड ठेवून गाडीचं वजन त्यावर घ्या. नुसत्या जॅकवर हे काम करायचं नाही. या कामात हबवर जोर पडतो, धक्के बसतात आणि जॅक सरकतो.

पुढे डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरचे (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या भागाचे) बोल्ट काढून तो तारेने स्प्रिंगला किंवा चासीला बांधून ठेवा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याला लोंबू देऊ नका. नळी बाहेरून धड दिसते, पण आतून फाटलेली असू शकते. डिस्क गंजून चिकटली असेल तर पुष्कळ डिस्कमध्ये आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलात की डिस्क स्वतःहून पुढे येते. मागे ड्रम असेल आणि अडला असेल, तर ब्रेक शूचं समायोजन मागून ढिलं करा.

दोन ठिकाणी थांबून विचार करा. काही फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये पुढची डिस्क हबच्या मागच्या बाजूने बसवलेली असते, तेव्हा हब बेअरिंगसकट बाहेर काढावा लागतो. आणि जड पिकअपच्या मागच्या अॅक्सलमध्ये, जिथे अॅक्सलचा दांडा हबला बाहेरून बोल्टने जोडलेला असतो, तिथे हब उघडल्यावर तेल, सील आणि बेअरिंगची जुळवणी हे सगळं अंगावर येतं. याचा अनुभव नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

जुना स्टड काढणे

स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा आणि थोडा वेळ मुरू द्या. ब्रेक शू आणि पॅड आधी झाकून घ्या, त्यांना तेल लागलं तर ते बदलावेच लागतात. आता हब हाताने फिरवत मागे डोकावून बघा. धूळ अडवणाऱ्या पत्र्यात किंवा मागच्या सुट्या भागांमध्ये कुठेतरी एवढी फट असते की तिथून स्टडचं डोकं बाहेर येतं. तो स्टड त्या फटीसमोर आणा. जागा सापडली नाही तर पत्रा किंवा सेन्सर आड येतोय का ते पाहा. तो काढता येतो, वाकवायचा नाही.

स्टड मागे ढकलायला सगळ्यात चांगला म्हणजे बॉल जॉइंट काढायचा स्क्रूचा प्रेस. तो शांतपणे ढकलतो आणि बेअरिंगला धक्का देत नाही. हातोडाच वापरायचा असेल तर निदान किलोभराचा घ्या आणि चष्मा लावून मोजके, सरळ आणि दणदणीत घाव घाला. हलक्या हातोडीने पन्नास वेळा ठोकण्यात बेअरिंगचं नुकसान जास्त. दोन-चार घावांत स्टड हलला नाही तर पुन्हा तेल मारा किंवा प्रेस शोधा. गॅसच्या टॉर्चने हब तापवून लाल करू नका, आतलं ग्रीस आणि सील जळतात.

नवा स्टड बसवणे

सगळ्या कामाचं यश इथे ठरतं, म्हणून इथे वेळ द्या. भोक तारेच्या ब्रशने साफ करा. आत जुन्या दात्यांचे चरे दिसतील. नवा स्टड मागून घाला आणि हाताने थोडा थोडा फिरवत राहा. दाते चऱ्यांत बसले की तो अडकल्यासारखा लागतो. तसाच धरून समोरून तीन-चार जाड वायसर घाला. वायसरांच्या मध्ये ग्रीस लावा, म्हणजे पिळाचा जोर स्टडवर येत नाही. त्यावर आरपार भोकाचा एक जुना, पण आटे शाबूत असलेला नट सपाट बाजू वायसरकडे करून लावा आणि लांब पान्याने सावकाश आवळा. स्टड खेचला जात आत येत राहील.

एअर गन इथे लावू नका. हाताला जे कळतं ते गनला कळत नाही. आधी एकसारखा जडपणा लागतो, आणि डोकं मागे टेकलं की पाना एकदम ताठ होतो. तिथे थांबा. मग मागे बोट फिरवा, दिवा धरा, डोकं आणि हब यांच्यात कागदही जाऊ नये. फट राहिली तर चाक बसवल्यावर ते डोकं धावताना हळूहळू आत सरकतं, नट ढिला पडतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी येता. याच कारणाने 'चाकच लावा आणि नट आवळून स्टड खेचून घ्या' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. त्यात डोकं टेकलं की नाही हे दिसत नाही, आणि अॅलॉय रिमची बैठकही खराब होते. स्टड खेचायला वापरलेला नट चाकाला परत लावू नका.

नवा स्टड भोकात सैल फिरत असेल तर भोक झिजलंय. वेल्डिंगचा टाका मारून काम भागवलेलं दिसतं, पण त्या उष्णतेने स्टडची ताकद जाते. तिथे हबच बदलायचा.

चाक परत लावणे

हब आणि रिमचे टेकणारे भाग ब्रशने चकचकीत करा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर तो पुढे चुरा होतो आणि नट ढिले पडतात. स्टडच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, गाडीच्या पुस्तकात तसं सांगितलं असेल तरच लावा. दिलेला टॉर्क, म्हणजे नट किती पिळाने आवळायचा तो आकडा, कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लागलं की तेवढ्याच टॉर्कला स्टड बराच जास्त ताणला जातो.

कॅलिपरचे बोल्ट त्यांच्या टॉर्कला आवळा. चाक चढवून सगळे नट आधी बोटांनी फिरवा, निमुळती बाजू रिमकडे. एखादा नट बोटांनी दोन-तीन फेरेही जात नसेल तर जबरदस्ती न करता काढून पुन्हा सरळ लावा. मग समोरासमोरचे नट घेत आवळा, पाच असतील तर चांदणी काढतो तसे एकाआड एक. गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने दोन टप्प्यांत शेवटचा आकडा गाठा. १२ मिलिमीटरच्या स्टडला तो साधारण १०० ते १३० न्यूटन मीटर असतो. १४ मिलिमीटरला १४० ते २०० च्या आसपास. तरी आपल्या गाडीच्या पुस्तकातलाच आकडा खरा धरा.

गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल टणक लागेपर्यंत दाबा. कॅलिपर किंवा ड्रम काढल्यावर पहिली एक-दोन दाबणी रिकामी जाते, आणि हे रस्त्यावर कळणं धोक्याचं. त्यानंतर ८० ते १६० किलोमीटर गाडी चालली की थंड चाकावर सगळे नट त्याच टॉर्कला पुन्हा तपासा, शक्यतो माल भरायच्या आधी. नव्या स्टडचा नट किंचित फिरला तर एवढं चालतं, आणखी तेवढ्याच अंतराने पुन्हा बघा. दुसऱ्या वेळीही तोच नट फिरला, तर चाक उतरवून स्टडचं डोकं मागून तपासा.