जुन्या गाडीत इंजिन फ्लश टाकावा का? आधी ऑइलचं झाकण उघडा

सव्वा लाख किलोमीटर झालेली ऑल्टो किंवा दोन लाखांपुढे गेलेली डिझेल स्विफ्ट सर्व्हिसिंगला दिली की पुष्कळदा 'इंजिन फ्लश', म्हणजे आतला गाळ धुण्याचं रसायन, ही ओळ न विचारता बिलात येते. म्हणून गाडी सोपवतानाच जॉब कार्डवर 'फ्लश विचारल्याशिवाय नको' असं लिहून घ्यावं. फ्लश मुळातच वाईट असतो असं नाही, पण इंजिन आतून कसं आहे ते बघितल्याशिवाय त्याला तो झेपेल की नाही हे ठरवता येत नाही.

दुकानात दोन वेगळ्या वस्तू एकाच फळीवर असतात. एक टाकीत, म्हणजे पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये ओतायची. ती नोझल आणि ज्वलनाच्या जागेतली काजळी काढते, आणि जुन्या गाडीला तिचा धोका कमी. दुसरी इंजिन ऑइलमध्ये ओतायची, हाच फ्लश. गाडीचं बरंवाईट होतं ते या दुसरीमुळे.

ऑइलमधला फ्लश म्हणजे मुख्यतः रॉकेलच्या जातीचं पातळ द्रावक आणि त्यात गाळ सोडवणारी रसायनं. आतला थर पातळ असेल तर तो विरघळून ऑइलबरोबर निघून जातो. थर जाड असेल तर मात्र विरघळण्याआधीच त्याचे तुकडे सुटतात आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की पंपाला ऑइल ओढता येत नाही, दाब पडतो, आणि क्रँकची बेअरिंगं, कॅम, टर्बो कोरडे फिरायला लागतात. डिझेल स्विफ्ट, रिट्झ, व्हिस्टा, पुंतो यांतलं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन या बाबतीत जास्त नाजूक, कारण त्याच्या टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच ताणलेला राहतो. दाब गेला की चेन सैल पडते. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

गोव्यात हा गाळ लवकर धरतो. घर ते बाजार, बाजार ते फेरीबोटीचा धक्का, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत आत धरलेलं पाणी उडून जात नाही, न जळलेलं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं, आणि त्यांचा चिकट लगदा होतो. वर्षाला चार हजारच किलोमीटर चालणारी निवृत्त माणसाची गाडी कित्येकदा रोज मडगाव-पणजी करणाऱ्या गाडीपेक्षा आतून घाण निघते. तेव्हा ऑइल बदलताना किलोमीटरबरोबर महिनेही मोजा. अशा गाडीला सहा महिने पुरे.

आता बघायचं कसं? इंजिन गार असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि टॉर्च मारा. आतला धातू मधासारखा पिवळसर-तपकिरी दिसला तर ते नुसतं वार्निश आहे, त्याला हात लावायची गरज नाही. बोटाला काळं लोणी लागलं तर तो गाळ. नखाने खरवडल्यावर कडक खपल्या निघाल्या तर फ्लशचा विषय तिथेच बंद करा. झाकणातून नीट दिसत नसेल तर इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर उघडून घ्या. गॅसकेट नवीन लागेल, पण इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही. झाकणाखाली पांढरट साय दिसली तर पावसाळ्यात ती बहुतेक वेळा वाफेचीच असते. तरी कूलंटची पातळी आठवडाभर बघा. ती उतरत असेल तर हेड गॅसकेट तपासायला हवं, आणि तिथे कुठल्याही बाटलीचा उपयोग नाही. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर शंभर किलोमीटरमध्ये काळं होतं. ती काजळी ऑइलमध्ये तरंगत असते, तिला गाळ समजून घाबरू नका.

गाडी ऑइल पीत असेल तर कारण शोधल्याशिवाय काही ओतू नये. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर, किंवा अनमोड घाटातून मोलेकडे उतरताना पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर, म्हणजे व्हॉल्व्ह सील कडक झालेत. ते बदलावेच लागतात. चढावर जोर दिल्यावर सतत धूर येत असेल तर पिस्टन रिंगांवर संशय. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. (डिझेलमध्ये हा प्रयोग करू नका, ज्वलनाची जागा फार लहान असते.) काजळीने चिकटलेल्या रिंगा कधीकधी सुटतात, झिजलेल्या रिंगा कोणतंही रसायन भरून काढत नाही.

गरम इंजिनावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर तो दिवा दाब अगदी तळाला गेल्यावरच पेटतो हे लक्षात ठेवा. आधी गेज लावून दाब मोजा. अशा गाडीत फ्लश नकोच.

इंजिन निरोगी आहे, थर पातळ आहे, टॅपेटचा थोडा आवाज येतो, अशी गाडी असेल तर फ्लश चालतो. चूक होते ती मापात. ३०० मिलीचा डबा बहुधा चार-पाच लिटर ऑइलसाठी असतो, आणि आपल्या लहान गाड्यांत तीन लिटरच्या आसपासच ऑइल बसतं. डब्यावर पाच लिटर लिहिलं असेल तर लिटरमागे ६० मिली, म्हणजे तीन लिटरला १८० मिली. उरलेला डबा उरू द्या. मेकॅनिक तो पूर्ण ओततो, कारण अर्धा डबा ठेवून त्याला काय करायचंय!

जुनं ऑइल चेंबरमध्येच असताना, गाडी तापवून, डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या वर नाही ना हे बघून फ्लश ओता. दहा मिनिटं नुसतं आयडलिंग. गाडी हलवायची नाही, रेस करायची नाही, एसी बंद. दिवा लागला किंवा टॅपेट जोरात वाजायला लागले तर ताबडतोब बंद. मग ड्रेन नट काढून ऑइल गरम असतानाच अर्धा तास निथळू द्या, पुढची चाकं थोडी उचललेली असतील आणि नट मागच्या बाजूला असेल तर उत्तम. फिल्टर नवा, ड्रेन नटचा वॉशर नवा. नव्या ऑइलवर हजार किलोमीटर झाले की फिल्टर पुन्हा बदला, कारण गाळ फ्लशनंतरही सुटत राहतो. ऑइलमध्ये अर्धा लिटर डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन धुण्याची जुनी पद्धत अजून चालते. ती टाळा. ऑइल इतकं पातळ होतं की बेअरिंगवर थर टिकत नाही.

गाळ जास्त आहे आणि इंजिन चालू ठेवायचंय, तर सावकाश मार्ग घ्या. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं चांगलं ऑइल भरा आणि दर अडीच हजार किलोमीटरला फिल्टरसह बदला, असं तीनदा. ऑइलमध्ये डिटर्जंट असतंच, ते थर हळूहळू पातळ करतं आणि तुकडे सुटत नाहीत. फारच गाळ असेल तर चेंबर उतरवून जाळी हाताने धुऊन घ्या. एका दिवसाचं काम आहे, आणि या सगळ्यात भरवशाचंही हेच.

टाकीतल्या क्लीनरबद्दल. पेट्रोलसाठी बाटलीवर पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, लिहिलेलं असेल तीच घ्या. बाटली किती लिटरसाठी आहे ते वाचा. ऑल्टोची टाकी ३५ लिटरची, आणि बाटल्या बऱ्याचदा ६० लिटरच्या हिशोबाच्या. क्लीनर आधी ओता, पेट्रोल मागाहून, म्हणजे नीट मिसळतं. मग राष्ट्रीय महामार्ग ६६ वर अर्धा-पाऊण तास एका लयीत गाडी चालवा, गावातल्या फेऱ्यांत बाटली वाया जाते. थोडा भाग रिंगांमधून ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हे ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीला करा. दहा हजार किलोमीटरला एकदा पुरे.

पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या टाकीतला मळ तसाही सुटतो. त्यात क्लीनर पडला की पेट्रोलचा फिल्टर तुंबतो, आणि गाडी चोर्ला घाट चढताना झटके देते. तेव्हा नोझलला दोष न देता आधी फिल्टर बदला. रबरी पाइपही चाचपून बघा, मऊ किंवा भेगाळलेले असतील तर बदला. कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला बाटली नको, कार्बोरेटर उतरवून जेट साफ करा. डिझेलमध्ये पावसाळ्यात फिल्टरखालच्या नटातून पाणी काढणं क्लीनरपेक्षा जास्त कामाचं. ईजीआरची, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, काजळी टाकीतल्या क्लीनरने जात नाही, तो व्हॉल्व्ह काढूनच साफ होतो.

फ्लशनंतर पहिले ५०० किलोमीटर दर शनिवारी डिपस्टिक बघा आणि रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरा. कडक झालेल्या सीलच्या कडेला बसलेला गाळच कधीकधी गळती अडवून धरत असतो, तो गेला की थेंब सुरू होतात. पुठ्ठ्यावर डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली दिसला तर मागची क्रँक सील. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच बदलायला झाला असेल तर तोही त्याच वेळी करून घ्या.